भिंत आणि किल्ली

गोव्याचा नकाशा पुढे ठेवून पाहिला म्हणजे पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके नद्यांनीच आखून दिल्यासारखे दिसतात. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा वाहते. डिचोली आणि तिसवाडी यांच्यामध्ये मांडवीचे पात्र आहे. आज पुलावरून मोटार क्षणार्धात पलीकडे जाते, आणि आपण एखादी सीमा ओलांडली याची प्रवाशाला जाणीवही होत नाही. परंतु सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या पाण्याच्या रेषा म्हणजे दोन निरनिराळ्या राज्यांमधील, किंबहुना दोन निरनिराळ्या जीवनक्रमांमधील भिंती होत्या. नदीच्या एका तीरावर माणसाच्या चुलीवर काय शिजते हा सत्तेच्या चौकशीचा विषय होता. दुसऱ्या तीरावर तो ज्याचा त्याचा प्रश्न होता.

खासगीपणाचा प्रश्न आज विचारला जातो तो संगणक, मोबाइल आणि फेसबुकसारखी समाजमाध्यमे यांच्या संदर्भात. त्यावर तंत्रज्ञांनी जे उपाय शोधले, त्यांपैकी एक महत्त्वाचा उपाय म्हणजे ‘कंटेनर’, अर्थात संगणकाच्या आत केलेला बंदिस्त कप्पा. एका कप्प्यात घडलेले दुसऱ्या कप्प्याला कळू नये, अशी त्याची योजना असते. हे तंत्र नवे असले तरी त्यामागचा विचार मात्र नवा नव्हे. एका ठिकाणचे बोलणे दुसऱ्या ठिकाणी जाऊन पोहोचले म्हणजे माणसाचे काय होते, हे गोमंतकाने फार पूर्वी अनुभवले आहे; आणि भिंतीचे मोल व तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी पेडणे व डिचोली यांच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हे कदंब राजांचे दैवत. त्याचे मूळ स्थान मांडवीतील दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात ते देऊळ पडले, आणि पुढे विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभे केले. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगिजांनी तिसवाडीतील देवळे पाडली, तेव्हा ते दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाले. त्यानंतर भक्तांनी लिंग गुपचूप नदीपार नेऊन डिचोलीच्या हद्दीत ठेवले. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे देवालयाचा जीर्णोद्धार झाला, आणि त्याची साक्ष देणारा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. दिवाडी आणि नार्वे यांच्यामध्ये अंतर ते किती? होडीने थोड्या वेळात पार होण्याइतके. परंतु तेवढ्या पाण्याने देवाला आणि त्याच्या भक्तांना आश्रय दिला. पलीकडच्या सत्तेचा हुकूम या तीरावर चालत नव्हता, हेच त्या भिंतीचे बळ होय.

अलीकडच्या तीरावर जे राहिले, त्यांची स्थिती कशी होती? तिसवाडी, बारदेश व सासष्टी हे पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादीतील प्रदेश. तेथे १५६० मध्ये इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मसमीक्षेचे, न्यायासन स्थापन झाले. मधला १७७४ ते १७७८ हा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चालू होते. या न्यायासनाने १४ एप्रिल १७३६ रोजी काढलेला जाहीरनामा इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांनी कोणकोणत्या जुन्या चाली पाळू नयेत, याची त्यात लांबलचक यादी आहे. लग्नकार्यात विडे-सुपारी आणि फुले वाटू नयेत. अंगाला हळद-तेल लावू नये. भात मिठाशिवाय शिजवून मागाहून मीठ घेऊ नये. अंगणात तुळस ठेवू नये, असेल तेथून ती उपटून टाकावी. पुरुषांनी धोतर नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, अशा त्या आज्ञा होत्या.

या यादीतील प्रत्येक गोष्ट किती क्षुल्लक आहे, आणि ती कोठे घडते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भात शिजताना मीठ घातले की नाही, हे राजवाड्यातल्या अधिकाऱ्याला दिसण्याचा संभव नाही. ते ठाऊक असते घरच्या माणसांना, मोलकरणीला, शेजारणीला. आणि म्हणूनच त्या व्यवस्थेचा खरा आधार शिपाई नव्हता, शेजारी होता. ज्याला जे ठाऊक असेल त्याने ते येऊन सांगावे, न सांगेल तो बहिष्कृत होईल, असा दंडक असे. शेजारधर्माने ज्याला स्वयंपाकघरापर्यंत येऊ दिले, त्याच्याच डोळ्यांनी न्यायासन स्वयंपाकघर पाहत होते. चुलीपाशी जी गोष्ट निव्वळ सवयीची होती, ती न्यायासनापुढे जाताच पुरावा ठरत होती.

दुसऱ्या बाजूने त्या न्यायासनाचे स्वतःचे दार मात्र घट्ट बंद असे. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला १६७३ मध्ये दमण येथे पकडून पुढे गोव्याच्या कैदखान्यात ठेवण्यात आले. सुटकेनंतर १६८७ मध्ये त्याने आपली हकीगत प्रसिद्ध केली. आरोपीला आपल्यावरील आरोप नीट सांगितला जात नसे. साक्षीदारांची नावे तर कळतच नसत. आपण काय अपराध केला हे त्यानेच आठवून कबूल करावे, अशी अपेक्षा असे. थोडक्यात, प्रजेचे घर उघडे आणि सत्तेचे दप्तर बंद. खासगीपणाच्या इतिहासातील विषमतेचे याहून उघड चित्र क्वचितच सापडेल.

त्या दप्तराची पुढची कथाही बोधप्रद आहे. न्यायासन बंद झाल्यावर गोव्यातील खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट झाले. परंतु जुआंव देल्गादु फिगैरा नावाच्या अधिकाऱ्याने १६२३ पर्यंतच्या खटल्यांची एक सूची तयार केली होती, ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सुरक्षित राहिली. सुमारे ३,८०० खटल्यांच्या नोंदी तीत आहेत. मूळ जबान्या गेल्या. परंतु कोण, कोठला, कशासाठी पकडला गेला आणि त्याचे काय झाले, हे चारशे वर्षांनंतरही वाचता येते. बोलण्यातला मजकूर नाहीसा झाला तरी बोलल्याची नोंद टिकून राहते, आणि माणसाविषयी पुष्कळ काही सांगण्यास ती नोंद पुरेशी होते. आजच्या समाजमाध्यमांचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून कायमचे पोर्तुगिजांकडे गेले. नव्या काबिजादी त्या याच. नदीची भिंत आता राजकीयदृष्ट्या उरली नाही. तरीही जुन्या काबिजादीत जे घडले त्याची पुनरावृत्ती येथे झाली नाही. धर्मसमीक्षेचा जोर तोपर्यंत ओसरला होता, आणि नव्या प्रजेच्या धर्मात व रूढींत हात घालणार नाही असे अभिवचन राज्यकर्त्यांना द्यावे लागले होते. पुढे १८५३ मध्ये नव्या काबिजादीतील हिंदूंच्या चालीरीतींची संहिता करण्यात आली, आणि १८८० मध्ये साऱ्या गोव्यातील हिंदूंच्या रूढींसंबंधी हुकूम निघाला. पाण्याच्या भिंतीची जागा अशा रीतीने कायद्याच्या भिंतीने घेतली. ती भिंत निर्दोष होती असे नव्हे. तथापि सत्तेने आपल्याच हातांना घालून घेतलेली ती मर्यादा होती. नदी निसर्गाने दिली होती. ही मर्यादा माणसांनी मागून मिळवली होती.

घराच्या रचनेतही हाच विचार दिसतो. पेडणे येथील देशप्रभूंचा वाडा अनेक चौकांसाठी प्रसिद्ध आहे. अशा वाड्यांत, आणि लहान प्रमाणात गोव्यातील साध्या घरांतही, येणाऱ्याची पायरी ठरलेली असे. व्यवहारासाठी आलेला माणूस ओसरीवर थांबे. स्नेही चौकापर्यंत जाई. माजघरात घरचीच माणसे जात. ओसरीवरील हिशेबाची गोष्ट माजघरात जात नसे आणि माजघरातील दुखणे ओसरीवर येत नसे. ओसरीवर बसलेला माणूस कोणी वैरी नसे. परंतु प्रत्येक गोष्टीला तिची जागा असते, आणि त्या जागेत ती निरुपद्रवी असते, ही समज त्या रचनेच्या मुळाशी होती. अमेरिकेतील विदुषी हेलन निसनबॉम यांनी २००४ मध्ये हाच विचार शास्त्रीय परिभाषेत मांडला. खासगीपणा म्हणजे सारे लपवणे नव्हे. ज्या संदर्भात माहिती दिली, त्या संदर्भाच्या मर्यादेतच ती राहणे, असा त्यांच्या सिद्धांताचा आशय आहे.

मात्र वाड्याच्या भिंतींचे गुणगान करताना त्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या भिंतीने घराचे रक्षण केले, तिनेच स्त्रीला माजघरात कोंडले. ज्या पायरीने पाहुण्याची मर्यादा राखली, तिनेच कित्येकांना जातीच्या नावाने अंगणाबाहेर उभे केले. भिंत ही स्वतः चांगली किंवा वाईट नसते. तिची किल्ली कोणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून असते. आत राहणाऱ्याच्या हाती किल्ली असेल तर ती खोली. बाहेरच्याच्या हाती असेल तर ती कोठडी.

गोवा मुक्तिसंग्रामाच्या काळात या प्रश्नाने आणखी एक रूप घेतले. वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते, आणि सालाझारशाहीची गुप्त पोलिस यंत्रणा गोव्यातही आली होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि त्यांचे सहकारी यांनी गोव्याच्या सीमेबाहेर, आंबोलीच्या रानातून, एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. पुढे ते कॅसलरॉकच्या बाजूला हलवण्यात आले आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होईपर्यंत, कोकणी व पोर्तुगीज भाषांतून त्याचे कार्यक्रम गोव्यात ऐकू येत राहिले.

नभोवाणीचा एक गुण येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. लिहिलेले पत्र वाटेत उघडता येते. त्यावर पाठवणाराचे आणि घेणाराचे नाव असते. परंतु नभोवाणी ऐकणारा आपली कसलीही खूण मागे ठेवत नाही. बोलणाराला ऐकणाराचे नाव ठाऊक नसते, आणि मधल्या कोणा पहारेकऱ्यालाही श्रोत्यांची यादी करता येत नाही. दार लावून, आवाज लहान करून ऐकणारा श्रोता त्या काळात जर सुरक्षित राहू शकला, तर त्याचे एक कारण हे की ते यंत्र फक्त देत होते, घेत काहीच नव्हते.

समाजमाध्यमांची रचना याच्या नेमकी उलट आहे, आणि आजच्या अडचणीचे मूळ येथेच आहे. वाचणारा जितके वाचतो, त्याहून अधिक तो स्वतः वाचला जातो. याची सुरुवात निरुपद्रवी होती. १९९४ मध्ये नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ नावाची युक्ती काढली. संकेतस्थळाने पाहुण्याच्या संगणकावर एक लहानशी चिठ्ठी ठेवायची, म्हणजे तो परत आला की ओळख पटते. दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला ओळखतो, तसेच हे. परंतु एका पानावर दहा निरनिराळ्या कंपन्यांचे तुकडे असू शकतात, आणि त्यांतील प्रत्येकाला आपली चिठ्ठी ठेवता व वाचता येते. २०१० मध्ये फेसबुकने ‘लाइक’चे बटन इतर संकेतस्थळांसाठी खुले केले, आणि ते वृत्तपत्रांच्या, दुकानांच्या, दवाखान्यांच्या पानांवर जाऊन बसले. बटन दाबण्याचीही गरज नव्हती. पान उघडले की ते बटन फेसबुककडून मागवले जाई, आणि त्याबरोबर चिठ्ठीही तिकडे पोहोचे. कोणी कोणत्या आजाराविषयी वाचले, कोणत्या पक्षाची बातमी पाहिली, कर्जाची चौकशी कोठे केली, हे सारे एका दप्तरात जमा होऊ लागले. जुन्या काबिजादीतील शेजाऱ्याची जागा आता बटनाने घेतली. आणि शेजाऱ्याला निदान लाज वाटण्याचा संभव होता.

या व्यवस्थेचे स्वरूप २०१८ मध्ये जगापुढे उघड झाले. केंब्रिज अ‍ॅनॅलिटिका या ब्रिटिश संस्थेने फेसबुकवरील एका प्रश्नावलीच्या आधाराने सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती मिळवून ती राजकीय प्रचारासाठी वापरल्याचे प्रकरण ते. भारतातील आकडे फेसबुकने स्वतःच त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दिले. ती प्रश्नावली येथे ३३५ जणांनी उघडली होती. परंतु ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती, त्यांची संख्या ५,६२,४५५ होती. म्हणजे या साडेपाच लाखांहून अधिक लोकांपैकी जवळजवळ सर्वांनी स्वतः काहीच केले नव्हते. त्यांचा अपराध एवढाच, की त्या ३३५ जणांपैकी कोणीतरी त्यांचा मित्र होता.

आता कंटेनरच्या तंत्राकडे वळता येईल. त्याचे नाव मालवाहतुकीतून आले. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज ५८ मोठ्या बंद पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, आणि जागतिक व्यापाराची रीत बदलली. क्रेनला पेटीत काय आहे हे कळण्याची गरज नसते. पेटी उचलून ठेवली म्हणजे झाले. एका पेटीतील मिरच्यांचा वास दुसरीतील कापडाला लागत नाही.

संगणकातील कप्प्याचा इतिहास मात्र ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीपासून सुरू होतो. १९७९ च्या तिच्या आवृत्तीत अशी सोय आली, की एखाद्या प्रोग्रामला एकच दालन दाखवून हेच सारे घर आहे असे भासवता यावे. २००० मध्ये ‘फ्रीबीएसडी’ प्रणालीत पॉल-हेनिंग काम्प यांच्या कामातून याहून पक्की भिंत तयार झाली; तिचे नावच ‘जेल’ असे होते. पुढे लिनक्समध्ये २००२ पासून क्रमाक्रमाने नावांचे वेगवेगळे अवकाश करण्याची सोय झाली, २००८ मध्ये प्रत्येक कप्प्याच्या वाट्याला किती साधने यावीत हे ठरवण्याची सोय झाली, आणि २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने हे तंत्र जगभर रूढ केले. यातील मर्म नावांच्या अवकाशात आहे. कप्प्यातील प्रोग्रामला बाहेरच्या फायलींना हात लावण्याची नुसती मनाई असते असे नव्हे. बाहेर फायली आहेत हेच त्याला ठाऊक नसते. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याला हाक मारता येत नाही.

परंतु हे सारे प्रयत्न प्रारंभी सामान्य माणसाच्या खासगीपणासाठी झाले नव्हते. एका मोठ्या संगणकावर अनेकांची कामे चालतात. एकाच्या कामाने दुसऱ्याचे बिघडू नये, ही संगणकाच्या मालकाची सोय त्यामागे होती. किल्ली मालकाच्याच हाती होती. ‘जेल’ हे नाव उगीच पडलेले नव्हे. ती किल्ली वापरणाराच्या हाती देण्याचा एक ठळक प्रयत्न मोझिला या संस्थेने केला. तिच्या ‘फायरफॉक्स’ ब्राउझरसाठी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये बहुखाती कंटेनरांची जोड आली. आणि केंब्रिज अ‍ॅनॅलिटिकाचे प्रकरण गाजत असतानाच, २७ मार्च २०१८ रोजी, खास फेसबुकसाठी केलेला कंटेनर प्रसिद्ध झाला.

त्याचे कार्य सोपे आहे. फेसबुकच्या चिठ्ठ्या एका वेगळ्या डब्यात ठेवल्या जातात. फेसबुक उघडले की ते त्या डब्यातच उघडते. तेथून बाहेरच्या बातमीवर बोट ठेवले, तर ती बातमी डब्याच्या बाहेर उघडते. बाहेरच्या एखाद्या पानावर फेसबुकचे बटन बसलेले असले, तरी त्याला डब्यातील चिठ्ठी दिसत नाही. समोरचा माणूस कोण, हे त्याला ओळखता येत नाही. याची किंमतही मोजावी लागते: फेसबुकच्या ओळखीने इतर ठिकाणी प्रवेश करण्याची सोय त्यामुळे बंद पडू शकते. ओसरीवरच्या पाहुण्याला माजघराचा रस्ता बंद केला, तर पाण्याचा तांब्या बाहेर आणून द्यावा लागतो, तसेच हे. पुढे २०२२ च्या जूनपासून याच ब्राउझरने प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा डबा ही सर्वसाधारण रीत केली. मोबाइलमध्येही प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र कप्पा देण्याची व्यवस्था आहे, आणि अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून कचेरीचे काम आणि घरचे व्यवहार यांसाठी निराळी दालने करता येतात.

मग प्रश्न सुटला काय? इतिहास तसे म्हणू देत नाही. पहिली अडचण अशी, की भिंत स्वतःच्या घराला घालता येते, मित्राच्या घराला घालता येत नाही. त्या ३३५ जणांची गोष्ट हेच सांगते. आपला मोबाइल कितीही बंदिस्त ठेवला, तरी मित्राने आपल्या संपर्कांची वही एखाद्या कंपनीला दिली, की तीतून आपलेही नाव आणि क्रमांक जातो. दुसरी अडचण अशी, की निरनिराळ्या कप्प्यांत एकाच नावाने आणि एकाच दूरध्वनी क्रमांकाने जाणाऱ्याला कप्पे वाचवू शकत नाहीत. वेष बदलून तोच माणूस दोन दारांनी आत गेला आणि दोन्हीकडे त्याने आपले नाव सांगितले, तर वेषाचा उपयोग काय?

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे. भिंत घालणारे जसे हुशार असतात, तसेच तिला भोक पाडणारेही असतात. २०२५ च्या जूनमध्ये युरोपातील संशोधकांनी दाखवून दिले, की मेटा आणि यांडेक्स या कंपन्यांची संकेतस्थळांवर बसवलेली यंत्रणा अँड्रॉइड मोबाइलमधील त्यांच्याच अ‍ॅपशी आतल्या आत संधान बांधत होती. ब्राउझरचा कप्पा वेगळा, अ‍ॅपचा कप्पा वेगळा; परंतु दोहोंच्या खालून जाणारे एक गटार होते, आणि त्यातून ओळखीच्या खुणा पलीकडे पोहोचवल्या जात होत्या. खासगी खिडकीत वाचणाऱ्याचीही त्यातून सुटका नव्हती. ही गोष्ट बाहेर पडताच मेटाने ते संधान थांबवले. थांबवता येत होते, याचा अर्थ ते करण्याची गरज नव्हती.

चौथी अडचण तंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे. एकाच मालकाच्या दोन घरांमधील दार वापरणाऱ्याला बंद करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक या दोन्हींची मालकी मेटाकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये नवे धोरण आणून, ते स्वीकारा अथवा सेवा सोडा, असा पर्याय लोकांपुढे ठेवला. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये याबद्दल मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि अपिलीय न्यायाधिकरणाने २०२५ मध्ये तो कायम ठेवला. येथे नदीची भिंत पुरेशी नाही. येथे अभिवचन हवे, आणि ते पाळायला लावणारा कायदा हवा.

तो पाया भारतात घातला गेला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, न्या. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ मध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला, आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध होऊन ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. या कायद्याने सरकारी यंत्रणांना काही सवलती दिल्या आहेत, आणि त्यांवर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत. ज्या प्रदेशाने न्यायासनाचे बंद दप्तर आणि प्रजेची उघडी घरे पाहिली, त्या प्रदेशाला या आक्षेपांचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही.

पेडणे आणि डिचोली हे आता आडबाजूचे तालुके राहिलेले नाहीत. मोपा येथील विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून चालू आहे. तुये येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी वसाहत उभारण्यात आली आहे. देवस्थानाची सभा असो, शाळेची सूचना असो की वाड्यावरील पाण्याची तक्रार असो, ती आता मोबाइलवरील गटात येते. मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवू शकतो. गावात तसे होत नाही. नुसते वाड्याचे नाव आणि आडनाव एवढ्यावरून येथे माणूस ओळखला जातो. म्हणून एका गटातील बोलणे दुसऱ्या गटात गेले, आजाराची किंवा कर्जाची गोष्ट ओसरीवर आली, तर त्याचा चटका गावात अधिक तीव्र बसतो. खासगीपणा ही शहरी चैन आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

कंटेनर हे साधन उपयुक्त आहे, आणि ज्याला ते वापरता येईल त्याने अवश्य वापरावे. परंतु गोमंतकाचा अनुभव असा आहे, की नुसती भिंत पुरत नाही. सप्तकोटेश्वराला नदीने वाचवले. नव्या काबिजादीतील लोकांना, नदीची सीमा पुसली गेल्यावर, अभिवचनाने आणि संहितेने आधार दिला. मात्र ज्याच्या घरात शेजाऱ्याला साक्षीदार केले गेले, त्याला कोणतीच भिंत वाचवू शकली नाही. भिंत तंत्रज्ञाने घालावी, किल्ली वापरणाऱ्याच्या हाती असावी, त्या किल्लीचा मान राखण्यास कायद्याने सत्तेला आणि कंपनीला भाग पाडावे. आणि एवढे झाल्यावरही मित्राचे नाव, छायाचित्र किंवा क्रमांक दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्याला विचारावे, हा जुना शेजारधर्म प्रत्येकाने पाळावा. यांपैकी शेवटची गोष्ट कोणत्याही प्रोग्रामात लिहिता येत नाही. ती माणसांनीच माणसांसाठी करावयाची आहे.